पर्वत, धूर आणि गिअरबॉक्स : ऑटोमॅटिक गाडी घाटात का तापते?



आजचा विषय वाचून काहींनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचा गिअरबॉक्सशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो बराच जुना आहे. न्यायशास्त्रात अनुमान शिकवताना जे पहिलं उदाहरण येतं, ते डोंगराचंच. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ हातात घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा डोंगर ठाऊक असतो. आम्ही तो वर्षानुवर्षे फळ्यावर काढला. आज त्याच डोंगरावर गाडी घेऊन चढायचं आहे, आणि धूर दिसण्याच्या आधी अग्नी ओळखता येतो का, ते पाहायचं आहे.

सपाट गावाचे चालक

आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंचीवर, आणि जवळजवळ सपाट. आपल्याकडे चढ म्हणजे सेमिनरी हिल्स, नाहीतर एखादा उड्डाणपूल. फार झालं तर रामटेकचा गड. त्यामुळे ऑटोमॅटिक गाडी घेतली की दोन-तीन वर्षं काहीच प्रश्न येत नाही. डाव्या पायाला काम नाही, सिग्नलवर त्रास नाही. माणूस म्हणतो, आता गिअरचा विचार करायची गरजच संपली.

मग श्रावणातला एखादा रविवार येतो आणि सगळं कुटुंब चिखलदऱ्याला निघतं. अमरावती, परतवाडा, आणि तिथून सातपुड्याचा घाट. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे. म्हणजे परतवाड्यानंतरच्या थोड्या अंतरात गाडी सातशेएक मीटर वर चढते. पचमढीला जाणारे छिंदवाडा रस्त्यावर सिल्लेवानीचा घाट चढतात, तिथेही प्रकार तोच. शिवाय पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी चिखलदऱ्याच्या वाटेवर गाड्यांची रांग लागते. घाटापेक्षा ही रांग जास्त घातक आहे. का, ते पुढे पाहू.

परतवाड्याच्या एका मेकॅनिकने आम्हाला हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं : “साहेब, गाडी ऑटोमॅटिक हाये, घाट थोडीच ऑटोमॅटिक हाये!” आजच्या व्याख्यानाचं सार एवढंच आहे. पण सार कळलं म्हणजे शास्त्र कळलं असं होत नाही, म्हणून थोडं खोलात जाऊ.

उष्णता येते कुठून?

पाच माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,४०० किलो समजा. ती ७०० मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा काढली तर सुमारे ९६ लाख ज्यूल येते. एवढ्या ऊर्जेत तीस-बत्तीस लिटर साधं पाणी उकळीला येईल. ही फक्त उंची मिळवण्याची किंमत झाली. इंजिनाची, तेलाची, टायरची घट वेगळी.

पण गाडी चढते आहे म्हणून गिअरबॉक्स तापतो, हे अर्धंच उत्तर आहे. खरं कारण आहे घसरण. इंजिन एका वेगाने फिरतं आणि चाकाकडे जाणारा दांडा दुसऱ्या वेगाने. या दोन वेगांतला फरक कुठेतरी पचवावा लागतो. तो जिथे पचवला जातो तिथे उष्णता तयार होते. जोर जितका जास्त आणि फरक जितका मोठा, तितकी उष्णता जास्त.

आता घाटातल्या रांगेत काय होतं ते बघा. पुढची गाडी थांबते. आपला चालक ब्रेक लावत नाही, ॲक्सिलरेटर हलकासा दाबून गाडी चढावर जागच्या जागी धरून ठेवतो. गाडी शांत उभी दिसते. पण दहा मीटरला एक मीटर अशा चढावर तिला असं धरायचं तर, ढोबळ हिशोबाने, चार-साडेचार किलोवॅट शक्ती सतत खर्च होते. काम शून्य झालेलं असतं, म्हणून ती सगळी शक्ती उष्णता होते. घरातले दोन गीझर एकाच वेळी चालू केले आणि त्यांची सगळी उष्णता जेवणाच्या ताटापेक्षा लहान चकतीवर सोडली, असं समजा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग ती चकती काय म्हणेल?

म्हणूनच आम्ही म्हणालो, रांग घाटापेक्षा घातक. एका दमात चढणारी गाडी कमी तापते. थांबत, सरकत, तरंगत चढणारी गाडी जास्त तापते.

ऑटोमॅटिक एक नाही, चार आहेत

आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ हा एकच शब्द चार वेगवेगळ्या यंत्रांना वापरतात. शब्द एक आणि अर्थ अनेक असले की वादही वाढतात आणि चुकाही. तेव्हा आधी ही चार नीट वेगळी करू.

पहिला प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक विजेवर चालू करा, त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. ही कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आणि मुळात जहाजांसाठीची. पुढे ती मोटारीत आली. गाडी वेगात असली की आतला लॉक लागतो आणि दोन्ही पंखे एकत्र फिरतात, घसरण थांबते. घाटात वेग कमी असतो, लॉक सुटलेला असतो, तेल घुसळलं जातं आणि तापतं. हे तेल बहुधा रेडिएटरमधल्या कूलरमधून फिरून थंड होतं. सर्वसाधारणपणे ते ८० ते ९५ अंशांच्या आसपास राहावं. १२० च्या वर बराच वेळ राहिलं तर त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं.

दुसरा प्रकार एएमटी. २०१४ साली सेलेरिओबरोबर ही आपल्याकडे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. ही मुळात साधी गिअरची गाडी आहे. साधा क्लच, साधा गिअरबॉक्स. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम माणसाऐवजी एक यंत्रणा करते. इथे तापतो तो कोरडा क्लच. त्याला थंड करायला तेल नाही, पाणी नाही, फक्त आजूबाजूची हवा आहे. एएमटीच्या मालकाने गिअरचं तेल बदलून घाटाची तयारी केली, तर ते डोकं दुखतंय म्हणून पायाला मलम लावण्यासारखं आहे.

तिसरा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स. एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. काहींचे क्लच कोरडे, काहींचे तेलात बुडालेले. तेलातले उष्णता जास्त सोसतात. कोरडे रांगेत लवकर कुरकुरतात आणि पडद्यावर इशारा देतात.

चौथा सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुलींच्या मधून पट्टा फिरतो आणि पुलींची रुंदी बदलत जाते. यातलंही तेल चढावर तापतं. फार तापलं की गाडी आपणहून शक्ती कमी करते. चालकाला वाटतं इंजिन बिघडलं. खरं तर यंत्र स्वतःला वाचवत असतं.

तुमची गाडी या चारांपैकी कोणती, ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आजच्या व्याख्यानानंतर एवढं एक काम घरी जाऊन करा.

धुराचं अनुमान

आता आपल्या डोंगराकडे परत येऊ. गाडीत अग्नी आहे हे कळतं कशावरून? बहुतेक वेळा वासावरून.

क्लच जळला की केस किंवा कागद जळल्यासारखा उग्र वास येतो. ब्रेक तापले की तिखट, धातूसारखा. रेडिएटरमधलं कूलंट गळत असेल तर गोडसर. गिअरचं तेल जळलं तर करपलेल्या तेलाचा. हे चार वास वेगळे ओळखता आले तर अर्धं निदान झालं.

पण इथे एक सापळा आहे. जुन्या तार्किकांनी तो आधीच दाखवून ठेवला आहे. दुरून दिसणारा पांढरा लोट धूरच आहे कशावरून? वाफ असेल, धुकं असेल. श्रावणातल्या चिखलदऱ्यात बॉनेटसमोर जे पांढरं दिसतं ते बहुतेक वेळा ढगच असतो. हेतूच सिद्ध नसेल तर अनुमान कोसळतं. म्हणून घाबरून जायच्या आधी वास घ्या, तापमानाचा काटा बघा, पडद्यावर काय लिहून आलंय ते वाचा.

दुसरा सापळा मात्र याहून मोठा. धूर असेल तिथे अग्नी असतो, हा नियम पक्का. पण उलट नियम पक्का नाही. अग्नी असेल तिथे धूर असेलच असं नाही. तार्किकांचं उदाहरण प्रसिद्ध आहे, तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. त्यात अग्नी आहे, पण धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. या अटीला ते उपाधी म्हणतात.

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी नेमके या लोखंडी गोळ्यासारखे आहेत. तेल बंद पेटीत असतं. ते १३० अंशांवर गेलं तरी बाहेर ना वास, ना धूर. ‘काही वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे’ हा आमच्या मते घाटातला सगळ्यात महाग पडणारा हेत्वाभास. या गाड्यांची लक्षणं वेगळी. गिअर उशिरा पडणं, गिअर पडताना धक्का बसणं, इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, गाडी अचानक मरगळणं. असं काही जाणवलं की वासाची वाट पाहू नका.

आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. एएमटीची छोटी गाडी, पाच मोठी माणसं, मागे वयस्कर आजी. घाटात दीड तास रांग. चालवणारा मुलगा प्रत्येक थांब्याला ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवत होता. जळका वास आला, तेव्हा गाडीतले सगळे म्हणाले, पुढच्या ट्रकचा असेल. थोड्या वेळाने गाडी चढेना आणि दोन-तीन फूट मागे घरंगळली. मागच्या गाडीतल्या तरुणाने उडी मारून चाकाखाली दगड लावला म्हणून निभावलं. पुढे क्लचचा सगळा संच बदलावा लागला. पैसे गेले त्याचं काही नाही, पण आजी त्यानंतर गाडीत बसून घाटात जायला तयार नाहीत. ‘ट्रकचा असेल’ या एका वाक्याची ही किंमत.

चढताना काय करावं

आता व्यवहाराकडे. स्वयंचलित यंत्राला काय कळतं? गाडीचा वेग, तुमच्या पायाचा दाब, इंजिनावरचा भार. काही गाड्यांना आत्ता पायाखाली असलेला चढही कळतो. पण पन्नास मीटरवर वळण आहे, वळणापलीकडे चढ आणखी उभा आहे, समोरून बस येते आहे, हे तुमच्या डोळ्यांना दिसतं. गिअरबॉक्सला ते दिसत नाही. तो आत्ताचं पाहून ठरवतो, तुम्ही पुढचं पाहून ठरवू शकता. व्याकरणकार कर्त्याला स्वतंत्र म्हणतात. त्या अर्थाने घाटात कर्ता तुम्हीच आहात, गिअरबॉक्स हे करण आहे. कुऱ्हाड झाड तोडते असं आपण म्हणतो खरं, पण कुठलं झाड तोडायचं ते कुऱ्हाड ठरवत नाही.

म्हणून घाट सुरू झाला की डीवर सोडून देऊ नका. एल, २, एस किंवा मॅन्युअल, तुमच्या गाडीत जे असेल ते वापरून खालचा गिअर धरून ठेवा. नाहीतर गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात असा खेळ करत राहते आणि प्रत्येक बदलात थोडी घसरण, थोडी उष्णता. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरू नका. खालच्या गिअरमध्ये थोडं जास्त फिरणारं इंजिन वरच्या गिअरमध्ये धापा टाकणाऱ्या इंजिनापेक्षा बरं.

रांगेत पुढच्या गाडीला चिकटू नका. मोकळी जागा होऊ द्या, मग एकदाच पंधरा-वीस मीटर पुढे जा आणि पूर्ण थांबा. एकेक फूट सरकणं हाच क्लचचा खरा शत्रू. थांबलात की ब्रेक, जास्त वेळ असेल तर हँडब्रेक आणि न्यूट्रल. चढावर पुन्हा निघताना हिल होल्ड असेल तर ते साधारण दोन-तीन सेकंदच गाडी धरतं, हे लक्षात ठेवा. नसेल तर हँडब्रेक लावून, इंजिनाने ओढ घेतली की तो सोडा. ही जुनी रीत ऑटोमॅटिकलाही चालते.

निघण्यापूर्वी कूलंटची पातळी, टायरची हवा, रेडिएटरच्या जाळीत साचलेला कचरा आणि पुस्तिकेत सांगितलं असेल त्याप्रमाणे तेल तपासून घ्या. टपावर सामानाचा डोंगर करू नका. डोंगर तिथे आधीच आहे.

तापलीच तर

इशारा आला की पुढचं वळण गाठू म्हणून ओढू नका. रस्ता रुंद असेल तिथे, वळण सोडून, डाव्या कडेला थांबा. चारही इंडिकेटर लावा. हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा. आणि निघताना तो दगड उचलून कडेला टाका. घाटात तसाच सोडलेला दगड रात्री दुचाकीवाल्याचा जीव घेतो. आपली सोय झाली की दुसऱ्याचा विचार संपतो, हा गिअरबॉक्सच्या बाहेरचा दोष आहे.

मग वाट पाहा. वीस मिनिटं, अर्धा तास. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, वाफ तोंडावर येते. गिअरबॉक्सवर किंवा क्लचच्या बाजूला गार पाणी ओतायचं नाही. तापलेल्या धातूला एकदम गार केलं तर तडा जाऊ शकतो. गाडी ओढून न्यायची वेळ आलीच तर चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढू नका. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत इंजिन बंद असलं की आतलं तेल फिरत नाही आणि भाग कोरडे घासले जातात. सपाट ट्रकवर चढवून न्या.

उतरताना

चढलेली गाडी उतरणारच. ते ९६ लाख ज्यूल आता परत द्यायचे असतात. फक्त ब्रेकने दिले तर ब्रेक तापतात, द्रव उकळतो, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. चढताना गाडी बंद पडते, उतरताना गाडी थांबत नाही. यातलं दुसरं जिवावरचं आहे. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं आणि इंजिनाला रोखू द्यायचं. पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणं हा वेडेपणा आहे. आणि अरुंद जागी वर येणाऱ्याला आधी वाट द्या. नियमही तेच सांगतो, आणि आज त्यामागचं कारणही आपल्याला कळलं : थांबवलेल्या चढणाऱ्या गाडीला पुन्हा निघणं सगळ्यात अवघड.

श्रोत्यांचे प्रश्न

*एसी बंद केल्याने फरक पडतो का?*
टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत पडतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या समोर असतो, त्याची उष्णता रेडिएटरला सोसावी लागते आणि गिअरचं तेलही बहुधा तिथेच थंड होतं. एएमटीच्या कोरड्या क्लचला मात्र याचा उपयोग फारसा नाही, कारण त्याची उष्णता रेडिएटरकडे जातच नाही.

*थांबल्यावर इंजिन बंद करावं की चालू ठेवावं?*
तेल फिरवून थंड होणाऱ्या गाडीत पी किंवा एनमध्ये थोडा वेळ चालू ठेवा, पंप आणि पंखा काम करत राहतात. पण इंजिनाच्या तापमानाचा काटाच लाल भागात गेला असेल तर बंद करा. कोरड्या क्लचच्या गाडीत न्यूट्रल केलं की नवी उष्णता थांबते, मग इंजिन बंद केलं तरी चालेल. पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिका प्रमाण.

*आम्ही दरवर्षी पचमढीला जातो. कोणती गाडी घ्यावी?*
कंपनीचं नाव आम्ही सांगणार नाही. घाट आणि गर्दी दोन्ही वारंवार असेल तर तेलात काम करणारा प्रकार कोरड्या क्लचपेक्षा सोशीक असतो. पण सोशीक म्हणजे अमर नव्हे. आणि एएमटी शिस्तीने चालवणारे लोक आयुष्यभर घाट चढतात, हेही तितकंच खरं.

*इलेक्ट्रिक गाडी घेतली तर प्रश्नच मिटला?*
हा प्रश्न मिटला, दुसरा आला. तिथे क्लचही नाही आणि गिअरची अदलाबदलही नाही, आणि उतरताना मोटर उलट काम करून बॅटरी भरते. पण वरच्या हॉटेलात बॅटरी पूर्ण भरून उतरायला लागलात तर ती ऊर्जा साठवायला जागाच उरत नाही आणि रोखण्याची ताकद कमी होते. म्हणून वर असताना बॅटरी थोडी रिकामी ठेवा. ऊर्जा नाहीशी होत नाही, तिला कुठेतरी जागा द्यावी लागते.

पुढच्या व्याख्यानात आपण ‘लक्षण आणि कारण’ या भेदाकडे जाऊ. तोवर गाडीची पुस्तिका वाचून ठेवा.